सिद्धलिंगय्यांची खुर्ची

चळवळीची गाणी लिहिणारा माणूस सरकारी खुर्चीत बसला की त्याची गाणीही बाद, हे बरीच वर्षं माझं पक्कं मत होतं. मत कसलं, निकालच. पुढची कागदपत्रं बघायचीही गरज नाही. तेलंगणाचे गायक गद्दर देवळांत दिसू लागले, बाद. नामदेव ढसाळ शिवसेनेच्या व्यासपीठावर गेले, 'सामना'त लिहू लागले, बाद. आणि नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झाल्यावर या निकालाचा सगळ्यात जास्त मार ज्यांना बसला ते म्हणजे कन्नड कवी सिद्धलिंगय्या. त्यांच्या कानावर त्यातलं काही कधी गेलं असेल अशी शक्यता नाही, तरी मी तो मार नेटानं देत राहिलो.

आज माझं मत तसं राहिलेलं नाही. पूर्ण उलटं झालंय असंही म्हणवत नाही. पण जेवढं बदललं तेवढं लिहून टाकावं म्हणतो, कारण तेच जुनं मत उराशी धरलेले मराठी मित्र मला अजून भेटतात आणि माझेच मुद्दे माझ्यावर फेकतात.

मराठी वाचकांना सिद्धलिंगय्या फारसे ठाऊक नसतात. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसांनाही नसतात. आपली मंडळं गणपती आणि दिवाळी पहाट यांच्या पलीकडे जातात ती वधुवर मेळाव्यापर्यंत. तर, जन्म 1954 चा, बंगळुरूहून फार लांब नसलेल्या मागडी तालुक्यातल्या मंचनबेले गावचा. घर दलित शेतमजुराचं. पुढे कुटुंब बंगळुरूच्या श्रीरामपुरा भागात आलं, गरिबांच्या वस्तीत. पोरगा वसतिगृहात राहून शिकला, कन्नड घेऊन एम.ए. झाला, पुढे बंगळुरू विद्यापीठात प्राध्यापक झाला. 1975 साली, ऐन विशीत, 'होलेमादिगर हाडु' हा पहिला संग्रह आला. होलेय आणि मादिग या कर्नाटकातल्या दोन मोठ्या दलित जाती. आपल्याकडे कुणी पुस्तकाचं नाव 'महारामांगांचं गाणं' ठेवावं, तसं ते नाव. ज्या शब्दांनी शिवी द्यायची, तेच मुखपृष्ठावर.

आणि नावात गाणं म्हटलं होतं तर ती खरोखरच गाणी होती. बोलीतली, ठेका धरणारी, एकानं म्हणायची आणि दहांनी झेलायची. पुस्तक विकत घेऊन वाचणाऱ्यांपेक्षा मोर्चात चालता चालता पाठ झालेल्यांची संख्या कितीतरी मोठी. सत्तरच्या दशकात बी. कृष्णप्पा, देवनूर महादेव, सिद्धलिंगय्या अशा मंडळींच्या पुढाकारातून दलित संघर्ष समिती उभी राहिली. खेड्यात सभा घ्यायची तर आधी दोन पोरं हलगी वाजवत गल्लीतून फिरायची, मग गाणं, मग भाषण. भाषण विसरलं जायचं, गाणं राहायचं. 47 सालच्या स्वातंत्र्याला त्याचा पत्ता विचारणारं त्यांचं एक गाणं तर कर्नाटकात चळवळीच्या माणसाला माहीत नाही असं होत नाही. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकरांच्या लाल बावटा कलापथकानं आपल्याकडे 1944 पासून जे केलं, त्याच जातीचं हे काम. फरक एवढाच की अण्णाभाऊ आणि अमर शेख स्वतः उभे राहून गात. सिद्धलिंगय्यांनी लिहायचं आणि गळा रस्त्यानं द्यायचा, अशी वाटणी होती.

त्या रस्त्याला धारही होती. 1973 मध्ये देवराज अरसांच्या मंत्रिमंडळातले दलित मंत्री बसवलिंगप्पा म्हैसूरच्या एका कार्यक्रमात म्हणाले की कन्नड साहित्यात बराचसा भुसाच आहे. एवढ्यावरून राज्य पेटलं. ठिकठिकाणी दलित विद्यार्थ्यांना मारहाण झाली, बसवलिंगप्पांचं मंत्रिपद गेलं. सिद्धलिंगय्या तेव्हा विद्यार्थी होते आणि मंत्र्याच्या बाजूनं उभं राहणाऱ्या थोड्या पोरांत होते. दोनच वर्षांनी त्यांचा संग्रह आला तो या पार्श्वभूमीवर. दलित पँथर आणि 'गोलपिठा' 1972 चे. म्हणजे मुंबई आणि बंगळुरू एकाच वेळी तापत होत्या.

इथपर्यंतच्या सिद्धलिंगय्यांबद्दल माझी तक्रार नव्हतीच. ती सुरू व्हायची ती पुढच्या यादीपासून. 1988 मध्ये, पस्तिशीच्या आतच, विधान परिषदेवर नियुक्ती. मग पुन्हा एकदा. कन्नड विकास प्राधिकरणाचं अध्यक्षपद, पुस्तक प्राधिकरणाचं अध्यक्षपद. 1993 च्या 'बा नल्ले मधुचंद्रके' या चित्रपटात डोंगर-चांदण्याचं एक प्रेमगीत, जे आजही लग्नाच्या हॉलमध्ये वाजतं. ग्रामदेवतांवर पीएच.डी. आणि पुढे देवीदेवतांच्या गोष्टींचं एक पुस्तक. सरकार कुणाचंही असो, यांच्याशी कुणाचं वाकडं नाही. कातडी सोलायची भाषा करणारा कवी इतका गुळगुळीत कसा होतो, असं मी विचारायचो. उत्तराची वाट बघायचो नाही.

माझ्या हातात मोजपट्टी होती शाहीर विलास घोगरेची. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. चौथ्या दिवशी मुलुंडच्या झोपडीत विलास घोगरेनं जीव दिला. आनंद पटवर्धनांच्या 'बॉम्बे अवर सिटी'मध्ये त्याचा आवाज ऐकलेला होता. त्या आवाजाचा शेवट असा झाला, हे सोलापुरात आमच्या पथनाट्यवाल्या कंपूला कळलं तेव्हा आम्ही नुसते सुन्न झालो नव्हतो. आमच्यात एक प्रकारची भक्तीही उगवली होती. गाणारा असावा तर असा. त्यानंतर जो जो गाणारा जिवंत राहिला, ज्यानं घर बांधलं, पोरं शिकवली, शाल घेतली, त्याच्याकडे मी थोड्या संशयानं बघू लागलो.

2015 साली तर हा संशय पुराव्यानिशी सिद्ध झाल्यासारखं वाटलं. वर्षाच्या सुरुवातीला श्रवणबेळगोळला 81 वं अखिल भारत कन्नड साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष सिद्धलिंगय्या. कन्नड संमेलनाच्या अध्यक्षाची मिरवणूक निघते, सजवलेल्या रथातून. आपल्या ग्रंथदिंडीत अध्यक्ष चालतात तरी. फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड अभ्यासक कलबुर्गींवर. आणि त्यानंतर देवनूर महादेवांनी साहित्य अकादमी आणि पद्मश्री दोन्ही परत केले. हेच देवनूर, ज्यांनी आधी संमेलनाचं अध्यक्षपदच नाकारलं होतं, कारण प्राथमिक शिक्षण कन्नडमधून होत नाही तोवर असल्या मानात त्यांना रस नव्हता. एकाच चळवळीतले दोन मित्र. एक रथात, एक पदकं परत करतोय. यापेक्षा स्वच्छ ताळेबंद कुठला हवा होता?

कचेरीत कोलारकडचा एक सहकारी होता. त्याचे वडील समितीच्या सभांना जात, त्याला स्वतःला यातली निम्मी गाणी पाठ. जेवणाच्या सुट्टीत मी हा ताळेबंद त्याच्यासमोर मांडला. त्यानं डबा मिटला आणि विचारलं, "सार्, तुम्हाला आमचा माणूस उपाशीच बघायला आवडतो का?"

मी तेव्हा हसून विषय बदलला. राग आला होता. मला वाटलं, मुद्द्याला उत्तर नाही म्हणून हा अंगावर येतोय. त्याचा प्रश्न आतपर्यंत जायला बराच काळ लागला, कारण तो मुद्द्याचाच होता.

11 जून 2021 ला सिद्धलिंगय्या कोरोनानं गेले. टाळेबंदी चालू होती. मोर्चांत ज्यांची गाणी हजारोंनी म्हटली त्यांच्या अंत्ययात्रेला गर्दी करायची सोय नव्हती. वर्तमानपत्रांत पानंच्या पानं आली आणि त्यात एका गोष्टीनं मी अडखळलो. जवळपास प्रत्येक लिहिणाऱ्यानं त्यांच्या विनोदाबद्दल लिहिलं होतं. माझ्या डोक्यातल्या दोन सिद्धलिंगय्यांपैकी, म्हणजे आधीचा आग ओकणारा आणि नंतरचा गुळगुळीत यांपैकी, एकातही हा हसवणारा माणूस बसत नव्हता. तेव्हा 'ऊरु केरी' मागवलं. त्यांचं आत्मकथन. ऊरु म्हणजे गाव, केरी म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. इंग्रजीत एस. आर. रामकृष्ण यांनी केलेलं भाषांतर आहे, पण मी हट्टानं कन्नडच घेतलं. सोलापूरच्या आमच्या गल्लीत निम्मी माणसं कन्नड बोलायची, त्यामुळे कान तयार होता. अक्षरं बंगळुरूच्या बसच्या पाट्यांवर शिकलो. वाचायचा वेग पहिलीतल्या पोराचा. त्याचा फायदा असा झाला की मला पुढचं उरकता येईना.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक दृश्य आहे. जमीनदाराच्या शेतात नांगर चालू आहे. नांगराला बैल नाहीत, दोन माणसं जुंपली आहेत, तिसरा मागून नांगर धरून चाललाय. त्या दोघांतला एक म्हणजे लेखकाचा बाप. पोरगा ते बघतो.

'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी' वाचलेल्या मराठी माणसाला आता पुढे काय येणार याची सवय असते. मी श्वास रोखून, म्हणजे दातओठ आवळून, पान उलटलं. पुढे हसू येत होतं. वस्तीतली माणसं, त्यांचे बेत, फजित्या, भुतंखेतं, वसतिगृहातले उपद्व्याप. शांतता मिळेना म्हणून हा मुलगा गोपाळपुऱ्याच्या वसतिगृहाजवळच्या स्मशानात जाऊन थडग्यांच्या मध्ये बसून वाचायचा, कविता लिहायचा. हे सगळं तो एखाद्यानं आपल्या आवडत्या कट्ट्याबद्दल सांगावं तसं सांगतो. कुठेही वाचकाची कीव मागत नाही. डी. आर. नागराज या समीक्षकानं, जो त्यांचा कॉलेजपासूनचा दोस्त, पुस्तकाला शेवटी एक लेख जोडलाय, तो गरिबांच्या हसण्यातल्या ताकदीवर. नागराजचं म्हणणं मला आधी पटलं नाही. गरिबीवर हसणं म्हणजे तिची सवय होणं, असं माझं ऐकीव तत्त्वज्ञान. पण पुस्तकात हसणारा माणूस जमीनदाराला हसतो, पुजाऱ्याला हसतो, पुढाऱ्याला हसतो आणि शेवटी क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या स्वतःलाही सोडत नाही. ज्याला आपण हसतो त्याची भीती उरत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? तमाशातला सोंगाड्या राजाची जी भंबेरी उडवतो ती बघतच मी मोठा झालो. दलित कवीकडून मात्र मी ते चालवून घ्यायला तयार नव्हतो. त्यानं रागावलेलंच असावं, म्हणजे माझी पुरोगामी मैफल रंगते.

एका रविवारी तो नांगर आणि श्रवणबेळगोळचा रथ माझ्या मनात शेजारी येऊन उभे राहिले. ज्याच्या बापाच्या मानेवर जू होतं तो मिरवणुकीत वर बसलाय, आणि खाली हलगीवाले, शाळेची पोरं, पोलीस. 2015 साली मला त्यात विकला गेलेला कवी दिसला होता. मंचनबेलेच्या वस्तीतून त्या रथाकडे बघणाऱ्याला काय दिसलं असेल, हा विचार मला सहा वर्षांत एकदाही शिवला नव्हता.

देवीदेवतांचं प्रकरण तर माझ्या दृष्टीनं सगळ्यात लाजिरवाणं. आंबेडकरी माणसानं मारम्मा-मंचम्मांच्या मागे फिरावं? ते काय करत होते ते मला कळलं एका गोष्टीमुळे, आणि गंमत म्हणजे ती मी वाचली देवनूर महादेवांच्या लेखनात. देवनूर सांगतात, ही गोष्ट मला सिद्धलिंगय्यांनी सांगितली. म्हणजे माझ्या ताळेबंदातले जमा आणि खर्च एकमेकांना गोष्टी सांगत बसले होते.

गोष्ट अशी. एका गावात मंचम्मा नावाची देवी. गावकऱ्यांनी ठरवलं, आईला देऊळ बांधायचं. भिंती उठल्या, छप्पर घालायची वेळ आली, आणि देवी एकाच्या अंगात आली. विचारू लागली, काय चाललंय? तुला घर बांधतोय आई. असं होय, मग तुमच्यातल्या सगळ्यांना घरं आहेत का? एक गडी पुढे झाला, म्हणाला, मला नाही. देवी म्हणाली, मग तुमच्यातल्या शेवटच्या माणसाला घर मिळेपर्यंत मलाही नको. देऊळ तसंच राहिलं, बिनछपराचं, आणि तिचं नावच मने मंचम्मा पडलं. मने म्हणजे घर.

घरकुल योजनेच्या फायली मी नोकरीत पाहिल्या आहेत. पात्र लाभार्थी, अपात्र लाभार्थी, जातीचा दाखला, जागेचा उतारा. त्या साऱ्या कागदांत जे म्हणता आलेलं नाही ते अंगात आलेल्या एका बाईनं की गड्यानं दोन वाक्यांत म्हटलंय. सिद्धलिंगय्या गावोगाव हिंडून हे गोळा करत होते. खेड्यातला दलित माणूस जमीनदारासमोर तोंड उघडू शकत नाही, पण देवी अंगात आली की तोच माणूस जमीनदाराला चारचौघांत झापतो आणि जमीनदार हात जोडून ऐकून घेतो. ही जी फट आहे तिच्यात त्यांना रस होता. मी मात्र 'ग्रामदेवता' एवढं मुखपृष्ठावर वाचून पुस्तक खाली ठेवलेला माणूस. अंधश्रद्धेचं समर्थन, असा शेराही मारलेला. आजही अंगात येण्याबद्दल माझ्या मनात शंका आहेत. येल्लम्माला सोडलेल्या मुलींच्या देशात त्या असायलाच हव्यात. पण मंचम्मानं माझी एक बाजू कायमची पाडली.

आता घोगरेकडे येतो, कारण खरा धक्का तिथे आहे. 'जय भीम कॉम्रेड' हा पटवर्धनांचा चित्रपट 2011 चा, चौदा वर्षं खपून केलेला, तीन तासांहून मोठा. मी तो तेव्हाच पाहिला होता. पाहिला होता म्हणजे मला हवा तेवढा. सिद्धलिंगय्या वाचल्यावर पुन्हा लावला. त्यात हेही आहे की घोगरे ज्या डाव्या कलापथकात होता त्या मंडळींनी त्याला मरणाआधीच बाहेर काढलं होतं आणि ते त्याला फार लागलं होतं. हे मी पहिल्या खेपेला ऐकलं नसेल? ऐकलंच असणार. नको होतं म्हणून गळून गेलं. ज्या माणसाला मी शुद्धतेचं माप म्हणून वापरत होतो, तो स्वतः कुणाच्या तरी मापात कमी भरला होता. आणि माप लावणारे माझ्यासारखेच होते: वाचलेले, तत्त्वाचे, बहुधा कुणाच्या तरी पगारावर उभे. घोगरे जिवंत राहिला असता, त्याला एखादं सरकारी घर मिळालं असतं, एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला तो चार पैशांसाठी गायला असता, तर मी त्याचं काय केलं असतं? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर ताबडतोब आलं. कोलारकराला तेव्हा जे दिसलं होतं ते हेच.

मी स्वतः सरकारच्या पैशावर आयुष्य काढलं. कुणी कधी विचारलं नाही की साहेब, पथनाट्यं करत होतात, मग हे काय. माझ्या घरात कुठल्याच पिढीत विहिरीवर कुणाला अडवलं नव्हतं. त्यामुळे माझ्या नोकरीला कुणी तडजोड म्हटलं नाही, नुसती नोकरी म्हटलं. हाच न्याय अमेरिकेत लावायचा तर वुडी गथ्रीचं काय करायचं? कामगारांचा, स्थलांतरितांचा गायक, पीट सीगर आणि बॉब डिलन ज्याला गुरू मानत. 1941 मध्ये सरकारच्या वीज खात्यानं त्याला महिनाभर कामावर ठेवलं, कोलंबिया नदीवरच्या धरणांची गाणी लिहायला. पगार 266 डॉलर. गड्यानं महिन्यात 26 गाणी लिहिली आणि त्यातली काही आजही गायली जातात. तिकडे कुणी गथ्रीला धरणात बुडवला नाही. डिलनवर मात्र 1965 मध्ये न्यूपोर्टला लोक ओरडले, तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला म्हणून. म्हणजे शुद्धतेचे ठेकेदार सगळीकडे असतात. एवढंच की मी परदेशातल्यांना हसत होतो आणि इथे तेच काम करत होतो.

हे सगळं अजून डोक्यातलं होतं. ते पायाखाली आलं फ्रीडम पार्कमध्ये.

बंगळुरूत आता मोर्चा काढायला एकच जागा उरली आहे. 2021 च्या आदेशानं शहरातली निदर्शनं फ्रीडम पार्कात कोंडली गेली. हे पूर्वीचं मध्यवर्ती कारागृह. टेहळणीचा मनोरा अजून उभा आहे. आणीबाणीत वाजपेयी-अडवाणींबरोबर आपले मधू दंडवते इथेच होते, 1975 मध्ये, ज्या वर्षी 'होलेमादिगर हाडु' निघालं त्याच वर्षी. मी गेलो तो कंत्राटी सफाई कामगारांच्या धरण्याला, एका मैत्रिणीनं पत्रकाचं मराठी करून मागितलं होतं म्हणून. बायकांची संख्या जास्त. हिरवी जाकिटं, डोक्यात मोगरा, पिशवीत डबा.

कोपऱ्यात दोन पोरं हलगी तापवत होती. कन्नडमध्ये तिला तमटे म्हणतात. सकाळच्या दमट हवेत चामडं सैल पडतं, आवाज बसतो. म्हणून कागदाचा जाळ करून त्यावर हलगी फिरवत शेकायची, मधेच बोटानं टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा शेकायची. हवालदार आला आणि म्हणाला, इथे विस्तव करायचा नाही, नियम आहे. पोरगा म्हणाला, मग वाजणार कसं? हवालदार म्हणाला, ते मला माहीत नाही. एका म्हाताऱ्या बाईनं हवालदाराला बाजूला घेऊन त्याचं गाव विचारलं, आईचं नाव विचारलं, आणि तो तिच्या मावसबहिणीच्या गावचा निघाला की तिनं तसं जुळवलं, देव जाणे. तोवर इकडे हलगी तापली होती.

मग गाणं सुरू झालं, तेच, 47 वालं. माझ्या कानाला ओळखीचं, पण मधेच अनोळखी. मूळ कडव्यांच्या फटींत त्यांनी स्वतःच्या ओळी घातल्या होत्या. कंत्राटदार आला होता, हजेरीचं मशीन आलं होतं, कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर, तुंबलेली पगाराची तारीख. प्रत्येक नव्या ओळीला हशा. पुस्तकातल्या गाण्यात हशाची जागा कुठे होती मला आठवेना; यांनी ती करून घेतली होती. मी शेजारच्या बाईला विचारलं, हे कुणी लिहिलं? तिनं मागे बसलेल्या एका तरुणीकडे बोट केलं. तरुणी म्हणाली, मशीनचं माझं, ड्रायव्हरचं हिचं, बाकीचं जुनं आहे, पहिल्यापासूनचं.

पहिल्यापासूनचं. विधान परिषद, प्राधिकरण, मधुचंद्राचं गाणं, रथ, यातलं काहीही त्या हिरव्या जाकिटांपर्यंत पोचलं नव्हतं. पोचलं असतं तरी त्यांनी गाणं टाकून दिलं असतं असं मला वाटत नाही. फार तर एक कडवं सिद्धलिंगय्यांवर घातलं असतं आणि हसल्या असत्या. गाणं बाद झालंय हे माझ्यासारख्यांनी परस्पर ठरवलं होतं, गाणाऱ्यांना न विचारता. वामनदादा कर्डकांची गाणी 14 एप्रिलला सोलापुरात रात्रभर वाजायची, तेव्हा आमच्या गल्लीत तरी कुणी कवीचा चारित्र्याचा दाखला मागत नव्हतं.

म्हणून आता खुर्ची निर्दोष ठरली का? नाही. देवनूरांनी पदकं परत केली तेव्हा मला जो आनंद झाला होता तो अजून तसाच आहे. सरकार कुणाचंही आलं तरी ज्याचं आसन हलत नाही, त्याला प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि सिद्धलिंगय्यांना ते त्यांच्याच लोकांनी विचारले, वेळोवेळी, तोंडावर. तो त्यांचा हक्क होता. मी मागून, आयत्या बिळावर, त्यात निकालपत्र जोडत होतो. माझं बदललंय ते एवढंच: माणसाचा हिशोब वेगळा, गाण्याचा वेगळा, आणि माणसाच्या हिशोबातही त्याला मिळालेली खुर्ची लिहिण्याआधी त्याच्या बापाच्या मानेवर काय होतं ते लिहायचं.

हे कोलारकराला फोनवर सांगितलं. तो आता निवृत्त होऊन गावी शेती बघतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सार्, तुमच्या ढसाळांचं काय?"

इथे माझी गाडी अडते. सिद्धलिंगय्यांनी खुर्ची घेतली. ढसाळांनी आणीबाणीत इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' हे आख्खं पुस्तक लिहिलं. खुर्ची घेणं आणि कविता देणं यात फरक आहे, असं मी म्हणालो. तो म्हणाला, फरक आहे, पण 'गोलपिठा' त्याच्या चार वर्षं आधीचा ना? त्याला 'प्रियदर्शिनी'चा दंड का? मी म्हटलं, ते वेगळं. कसं वेगळं ते मला मांडता येईना. तो म्हणाला, गाणं असतं तर तुम्ही सोडलं असतं, कारण ते बायका गातात. कविता पुस्तकात असते म्हणून कवीच्या नावावर राहते, असं तर नाही ना? यावर आम्ही बराच वेळ भांडलो. त्याला नंतर मोटार चालू करायला जायचं होतं, तिकडे थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते.